थर्माकोलचा गडगा

थर्माकोलचा दगड करायचा तर आधी खरा दगड नीट पाहावा लागतो. ठोकळ्याच्या कडा करवतीने मोडायच्या, तापलेल्या तारेने त्याला खाचा पाडायच्या, वरून सिमेंट आणि डिंकाचा पातळ हात द्यायचा, आणि तो वाळला की रंग. रंगात थोडी घाण हवी. पाखरांची शीट, शेवाळ, पावसाचे ओघळ. एवढं जमलं की चार हातांवरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. कॅमेरा तर माणसाहून भोळा असतो.

ब्रिस्बेनच्या स्टुडिओंमध्ये मी आयुष्यभर हेच केलं. तुरुंग बांधले, जहाजं बांधली, एकदा अख्खा किल्ला बांधला. बायको गेल्यावर तिथे करमेना, म्हणून पेटन क्रीकला परत आलो. मकायच्या उत्तरेचं हे उसाचं गाव. माझा जन्म इथलाच. हंगामात कारखान्याच्या चिमणीचा धूर, मळीचा वास आणि फडांमधून खडखडत जाणारी उसाची आगगाडी. बाकीचं वर्ष नुसतं ऊन. लोकांच्या ओसऱ्या दुरुस्त करत मी दिवस काढत होतो.

तेवढ्यात माझी भाची लेटिशा आली. घरात सगळे तिला टिश म्हणतात. ओसरीच्या पायरीवर बसली, बूट काढले आणि म्हणाली, “मामा, मला एक गडगा हवाय, दगडी कुंपणासारखा. लांबलचक. पण दोघांना उचलून हलवता येईल असा.”

मी विचारलं, कशासाठी?

“भुतांसाठी,” ती म्हणाली.

टिश चित्रपट करते. याआधी तिने एक माहितीपट केला होता, आमच्याच लोकांवर. आमच्या पणज्या-पणजोबांना समुद्रापलीकडच्या बेटांवरून जहाजात घालून इथे ऊस तोडायला आणलं. कुणाला भुलवून, कुणाला हात बांधून. गोऱ्या मळेवाल्यांना त्यांची नावं उच्चारता येईनात, म्हणून ज्या बेटावरून माणूस आणला त्या बेटाचंच नाव त्याला चिकटवलं. मी क्लेम अंब्रिम झालो तो असा. अंब्रिम मी अजून पाहिलेलं नाही. तर त्या माहितीपटात टिशने आमच्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं होतं. गावच्या वाचनालयात तो दाखवला तेव्हा पाहायला आले ते फक्त त्यात बोललेले म्हातारे. त्यातल्या दोघांना झोप लागली.

त्या दिवशी ओसरीवर टिशने मला तिचा हिशेब सांगितला. भाषण सुरू झालं की लोक उठून जातात, ती म्हणाली. भूत दाखवलं की तिकीट काढून येतात, आणि डोळे झाकले तरी बोटांच्या फटीतून बघतात. मला त्या फटीतून आत शिरायचंय.

भुतं कुठली, हे विचारायची गरज नव्हती. ड्रेकॉट या गावच्या जुन्या मळेवाल्यांचा खालचा फड ओढ्याकाठी आहे. एका वर्षी हगवणीची साथ आली, त्यात मेलेली आमची माणसं त्या फडाच्या कडेला पुरली, त्यांनीच रचलेल्या गडग्याच्या टोकाशी. असं ऑलिव्ह मावशी सांगते. ती माझ्या आईची धाकटी बहीण, वय नव्वदीच्या घरात. तिला तिच्या आजीने सांगितलं, आजीने खड्डे खणताना पाहिले होते. गडगा मात्र आता नाही. मी शाळेत असताना रॉस ड्रेकॉटच्या बापाने बुलडोझर लावून तो ओढ्यात ढकलला. अलीकडे त्या फडावर घरं बांधायची ठरली. जमीन ड्रेकॉटची, मंजुरी कौन्सिलची, आणि कौन्सिलमधले निम्मे लोक ड्रेकॉटचे सोयरे. आम्ही बोंबललो तेव्हा कौन्सिलने जमिनीच्या पोटातलं दाखवणारं एक यंत्र आणून फडावरून फिरवलं आणि खाली काही नाही असं जाहीर केलं.

गंमत अशी की शूटिंगला परवानगी रॉसनेच दिली. मी आणि तो एका वर्गात होतो, एका संघातून फुटबॉल खेळलो. तो मला म्हणाला, “तुझ्या भाचीचा तो रडका माहितीपट नको, भुतांचा सिनेमा चालेल. भुतांचं कोण मनावर घेतं?” वर त्याला सिनेमात मळ्याच्या मालकाचं काम करायचं होतं. पणजोबांचा कोट त्याने पेटीतून काढून आणला, काळा, जाड लोकरीचा, आणि घालून दाखवला. अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. टिशने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि होकार दिला. माझ्या कानाशी मात्र म्हणाली की एवढं चांगलं नशीब असलं की मला भीती वाटते.

कथा साधी होती. एका मळ्याचा मालक एकटा उरलाय. मेलेले मजूर उसातून येतात. पैसे घालणाऱ्यांना रक्त हवं होतं, गळे चिरायला हवे होते. टिश ऐकेना. तिची भुतं काहीच करत नाहीत. ती येतात, गडग्याशी उभी राहतात आणि मालकाकडे बघतात. बस्स. आणि रात्रीचे सगळे प्रसंग ती दुपारी घेणार होती. कॅमेऱ्यापुढे निळी काच धरली की दुपारची रात्र होते. सावल्या तेवढ्या फार काळ्या पडतात.

मी माझ्या पडवीत दगड केले. ट्रकमधून फडावर नेले आणि लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डिंकाने चिकटवत गडगा उभा केला. जागा कॅमेरामनने निवडली, उन्हाची तिरीप बघून. तो टाउन्सव्हिलचा, जुना गडगा तिथूनच जायचा हे त्याला माहीत नव्हतं. उभ्या उसाच्या कडेने गडगा सरळ जात होता आणि ओढ्याच्या अलीकडे मी ठोकलेल्या खुंटीशी संपत होता.

शूटिंग सुरू होऊन आठवडा झाला असेल. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आग्नेयेकडून वारा सुटला. थर्माकोलला वारा म्हणजे काळ. सांगाडा कलला, दगड सुटले आणि उसावरून पतंगासारखे उडाले. पोरं हसत त्यांच्यामागे पळाली. मी जाग्यावर राहिलेले गोळा करायला वाकलो. खालच्या थरातले दोन-तीन तसेच बसून होते. एकाला हात घातला, तो हलेना.

मला वाटलं, कुणीतरी थट्टा केली. पण त्या फडात दगड नाहीत. तिथली काळी माती हात-हात खोल आहे. होते ते दगड आमच्याच लोकांनी शंभर वर्षांपूर्वी वेचून काढले. मी दोन्ही हातांनी जोर लावून तो उलटा केला. त्यावर माझा रंग होता. फाटक्या स्पंजने टिपलेलं पिवळं शेवाळ होतं. तार निसटून तिरकी गेली होती ती खाचही होती, जिथे मी शिवी हासडून तसंच पुढे गेलो होतो. मी खिशातली हातोडी काढून मारली. टणक आवाज आला आणि हातोडीच्या तोंडाला ओरखडा पडला.

मी तो दगड होता तसा ठेवला आणि कुणाला काही बोललो नाही. सिमेंटचा हात जाड पडला असेल, असं मनाशी म्हटलं. आयुष्यभर सिमेंट कालवलेला माणूस मी. तरी म्हटलं.

पुढच्या दिवसांत खालचा अख्खा थर तसा झाला. मग वरचा. पट्ट्यांचा सांगाडा आत कुठे गेला ते दिसेना. दगड एकमेकांत बसवलेले, फटींत बारीक कपच्या ठोकलेल्या, डिंकाचा मागमूस नाही. तशी रचाई मला येत नाही. मी चिकटवणारा माणूस. आणि गडगा खुंटीच्या पुढे गेला होता. ओढ्याकडे न जाता तो डावीकडे वळत होता, फडाच्या आत. दोन्ही बाजूंचा ऊस उभाच होता, एक कांडं मोडलेलं नव्हतं, चाकाची खूण नव्हती. फाटकावर राखणीला बसणाऱ्या माणसाने शपथेवर सांगितलं की कुणी आत आलं नाही.

टिश खूश होती. म्हणाली, “मामा, न सांगता वळण दिलंस, पण झकास दिलंस. मालक कोंडल्यासारखा दिसतो.”

मी तिला म्हटलं की ते मी केलेलं नाही. ती हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली आणि हातातली पटकथा गुंडाळत उभी राहिली. तिने विचारलं, आज वळणाच्या बाजूने कॅमेरा लावला तर चालेल ना?

मी चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

मग मेकअप करणाऱ्या मिरांडाने मला तिच्या गाडीत बोलावलं. रॉस खुर्चीत बसला होता, कोट अंगात, हात मांडीवर उताणे. तळव्यांना फोड आले होते, काही फुटले होते. दोन नखं मुळापासून काळी झाली होती. बोटांच्या पेरांवर माती इतकी मुरली होती की ती पुसून निघत नव्हती. मिरांडा मला विचारत होती की आता करायचं काय. मालकाचे हात गोरे, मऊ दिसायला हवेत, आणि हे रोज वाढतंय.

रॉस म्हणाला बागकाम केलं. मिरांडा कापूस आणायला बाहेर गेली तसा तो माझ्याकडे न बघता हळूच बोलला.

“क्लेम, मी बागेत पाऊल टाकलेलं नाही.”

“मग?”

“बायको म्हणते मी रात्रभर लाकडासारखा पडलेला असतो. कूससुद्धा बदलत नाही. सकाळी उठतो तर पाठ मोडलेली. खांद्याची सालटी निघालीयेत, दाखवू?”

मी नको म्हटलं. डॉक्टरकडे जा म्हटलं. तो म्हणाला, जाऊन आलो, ते म्हणतात विश्रांती घ्या. मग नेहमीसारखा हसला. काम एवढं अंगात शिरेल असं वाटलं नव्हतं, बक्षीस मिळालं तर अर्धं तुझं, असं काहीतरी बोलला. मिरांडाने त्याच्या हातांवर गुलाबी लेप चढवला. तो वाळेपर्यंत त्याने हात हवेत धरून ठेवले होते.

मला एका माणसाला तो गडगा दाखवायचा होता. रविवारी शूटिंग नव्हतं. ऑलिव्ह मावशीला गाडीत घालून मी फडावर नेलं. चालताना धरायची तिची चौकट मातीत रुतत होती, म्हणून शेवटी मी तिला जवळजवळ उचलूनच नेलं. सकाळची वेळ. शेजारच्या फडात पाचट जाळलं होतं, घारी वर घिरट्या घालत होत्या. मावशीने गडग्यावर हात ठेवला आणि हात सरकवत ती वळणापर्यंत गेली. मधे दोनदा थांबली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

“हे आपल्या माणसांचं नाही,” ती म्हणाली.

मी विचारलं, कशावरून?

“आपली माणसं सावकाश रचायची. गाणं म्हणत. माझी आजी सांगायची.” तिने एका फटीत बोट घातलं आणि लगेच काढलं. “हा घाबरत रचलाय. कुणीतरी मागे उभं आहे, म्हणून रचलाय.”

“कोण उभं आहे?”

ती म्हणाली, मला घरी ने. गाडीत बसल्यावर तिने काच वर करायला सांगितली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, गाडीतला एसी बंद होता, तरी तिने काच उघडू दिली नाही.

शेवटचा प्रसंग ऑक्टोबरात घेतला. तोवर गडगा जवळजवळ फिरून परत आला होता. आत कोंडलेला फडाचा तुकडा दोन खोल्यांएवढा असेल; तिथला ऊस शूटिंगसाठी तोडून घेतला होता, नुसती काळी माती. दोन टोकांमध्ये माणूस जाईल एवढी फट उरली होती. टिशला ती फट फार आवडली. मी केलेले काही दगड उरले होते, खरे थर्माकोलचे, ते मी एका खोक्यात घालून फटीशी ठेवले होते. गरज पडली तर भरायला. सकाळी मी एकेक हातात तोलून पाहिला होता. पावासारखे हलके.

मेलेल्यांचं काम आमचीच माणसं करत होती. चुलत्या, भाचे, चर्चमधल्या बायका. अंगावर गोणपाट, तोंडाला राख. दुपारपर्यंत ती मंडळी झाडाखाली सॉसेज-पाव खात एकमेकांना हसत होती. माझ्या चुलतभावाला सगळे म्हणत होते की तुला मेकअपची गरजच काय, तू तसाही मेलेलाच दिसतोस. मग टिशने हाक मारली आणि ती उसात शिरली.

भर दुपार. डोक्यावर सूर्य. कॅमेऱ्यावर निळी काच.

रॉस गडग्याच्या आत उभा होता, हातात विझलेला कंदील. ऊस सळसळला. आमची माणसं बाहेर आली, गडग्यापाशी थांबली आणि बघत उभी राहिली. पटकथेत पुढे एवढंच होतं की मालक मागे सरतो, सरतो, आणि पडदा काळा होतो.

रॉस मागे सरला नाही.

त्याने कंदील खाली ठेवला. फटीपाशी चालत आला. खोक्यावर वाकला आणि एक दगड उचलला, गुडघे मोडून, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. मला वाटलं, हा चांगला नट निघाला.

मग त्याने तो फटीत ठेवला.

दगडावर दगड बसल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आवाज टिपणाऱ्या माणसाने कानावरचं यंत्र काढून हातात घेतलं.

रॉसने दुसरा उचलला. मग तिसरा. गुलाबी लेप घामाने वितळून मनगटावरून ओघळत होता. तो कुणाकडे बघत नव्हता. आमची माणसं, राख फासलेली, तशीच उभी होती; एक मुलगी हुंदके देत होती, पण जागची हलली नाही. कॅमेरा चालू होता.

फट भरली.

तो आत खाली बसला. मांडी घालून नाही, उकिडवा. हात गुडघ्यांवर. मान खाली.

“कट,” टिश म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

तो उठेना. मीच गडगा चढून आत उतरलो. पायाखालचा एकही दगड हलला नाही. मी त्याच्या कोपराला धरलं. एवढ्या उन्हात, एवढ्या जाड कोटात त्याचा हात विहिरीच्या पाण्यासारखा गार होता. त्याने वर पाहिलं. मला ओळखत नसलेल्या माणसासारखं पाहिलं. आम्ही एका बाकावर बसून शिकलो, त्याने मला जन्मात कधी अहो म्हटलं नव्हतं.

“साहेब,” तो म्हणाला, “आता तुम्ही खायला द्याल का?”

मी हो म्हटलं. हात धरून त्याला बाहेर काढलं. कुणीतरी कागदात गुंडाळलेला गरम सॉसेज-पाव आणून दिला. तो त्याने उभ्याने खाल्ला, घाईघाईने, कागदाला चिकटलेलंसुद्धा. खाता खाता त्याच्या डोळ्यांत ओळख परत आली. भोवती जमलेल्यांना म्हणाला, असे काय बघताय रे, भूत पाहिलंत की काय? दोघं-तिघं हसले. त्या टेकमधलं काही त्याला आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी टिश माझ्या ओसरीवर येऊन बसली. मी तिला म्हटलं, तो शेवट काढून टाक. तिने मान हलवली. सरकारी यंत्राला त्या जमिनीखाली काही सापडलं नाही, ती म्हणाली, माझ्या कॅमेऱ्याला सापडलं, ते मी कापू? मी म्हटलं, काय सापडलं ते तुला तरी माहीत आहे का? माझ्या भाचीला मी लहानपणापासून ओळखतो. ती घाबरली होती आणि तरीही थांबणार नव्हती.

नोव्हेंबरात कौन्सिलची बैठक झाली. ऑलिव्ह मावशी उभी राहून बोलली. आजीने पाहिलेले खड्डे, साथ, गडग्याचं टोक, सगळं. सभासदांनी आदराने ऐकून घेतलं. अध्यक्षबाईंनी मावशीला स्वतः पाण्याचा पेला नेऊन दिला. मग मतदान झालं आणि घरं मंजूर झाली, एकमताने. रॉस मागच्या ओळीत हात खिशात घालून बसला होता. बाहेर पडताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, वैर नाही ना रे, असं विचारलं. हात त्याने लगेच परत खिशात घातला.

बुलडोझर आला त्या सकाळी मी गेलो होतो. मला ऐकायचं होतं, पातं दगडाला लागल्यावर काय आवाज होतो ते. चालकाने नेम धरून गाडी पुढे घातली. काहीच आवाज झाला नाही. गडगा सबंध उचलला गेला, मधोमध तुटला आणि त्याचे पांढरे दाणे झाले. चालक हसत सुटला. वाऱ्याने दाणे शेजारच्या फडावर नेले, उसाच्या पानांवर भुरभुरले, बगळे खाली उतरून ते टिपू लागले. मी एक तुकडा उचलला. माझा रंग होता त्याच्यावर. वजन काही नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच बांधावर बसलो.

चित्रपट पुढच्या वर्षी लागला. मोठ्या शहरांतून नाव झालं. वर्तमानपत्रांतून लिहून आलं की दिग्दर्शिकेने भयपटाच्या आडून देशाला आरसा दाखवला आहे. मेलबर्नला लोक म्हणे किंचाळले. टिशला परदेशात बक्षीस मिळालं. तिच्या मनात मात्र एकच होतं, तो पेटन क्रीकमध्ये दाखवायचा, आमच्या सभागृहात, गावासाठी. शहरातले लोक घाबरून घरी जातात, ती म्हणाली. ही माणसं तर घरीच आहेत.

रविवारी दुपारचा खेळ ठेवला होता. तोवर खालच्या फडावर रस्ते आखून झाले होते, प्लॉट विकले गेले होते, पाटी लागली होती. मला वाटलं कुणी येणार नाही. पण अख्खं गाव आलं. फुकट होतं, आणि आपला रॉस पडद्यावर दिसणार होता. पहिल्या रांगेत रॉस, त्याची बायको जॅनेट, त्यांची मुलं-सुना. मागे कौन्सिलचे लोक, शाळेच्या मुख्याध्यापिका, खाटीक, कारखान्याचे मॅनेजर, नव्या प्लॉटांचे मालक. आम्ही बेटांवरची माणसं सगळ्यात मागे बसलो, नेहमी बसतो तशी. दारं उघडी होती, कारण आत उकडत होतं. पडदे ओढून अंधार केला होता, तरी कडेने ऊन आत येत होतं.

सुरुवातीला हशा झाला. कोटातला रॉस दिसला तेव्हा टाळ्या पडल्या. नंतर लोक गप्प झाले. मी पडदा बघतच नव्हतो, मी त्यांची डोकी बघत होतो. टिशला हव्या त्या जागी ती दचकत होती. शेवटी उसातून आमची माणसं आली आणि उभी राहिली. रॉस वाकला, दगड उचलला. तो आवाज आला, दगडावर दगड. टिशने त्यावर संगीत घातलं नव्हतं. पडदा काळा झाला.

कुणीतरी दिवे लावले.

आम्ही उठलो. मी ऑलिव्ह मावशीची चौकट उलगडली. टिश बाजूच्या भिंतीशी उभी होती, टाळ्यांची नाहीतर शिव्यांची वाट बघत. दोन्ही आलं नाही.

पुढचं कुणी उठलं नव्हतं.

ती सगळी ताठ बसली होती. हात गुडघ्यांवर. मुलंसुद्धा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. छताचे पंखे फिरत होते. बाहेर, उघड्या दारातून, ऊन लागून पांढरा पडलेला रस्ता आणि त्यांच्याच उभ्या केलेल्या गाड्या दिसत होत्या.

“मामा,” टिश माझ्याजवळ येऊन पुटपुटली, “ती जात का नाहीत?”

तेवढ्यात पहिल्या रांगेत रॉस उभा राहिला. त्याने टोपी काढून छातीशी धरली. तोंड रिकाम्या पडद्याकडे. खालच्या आवाजात, फार नम्रपणे, त्याने विचारलं,

“साहेब, आता आम्ही जाऊ का?”

त्याच्या मागोमाग सगळं सभागृह उभं राहिलं. खुर्च्यांचा एकच आवाज झाला. ज्यांच्या डोक्यावर टोप्या होत्या त्यांनी काढल्या. बायकांनी लेकरांना पुढ्यात घेतलं. मग सगळे थांबले, माणूस उत्तराची वाट बघतो तसे.

आम्हाला काही ऐकू आलं नाही. पंखे, आणि लांबून उसाच्या गाडीची शिट्टी, बस्स. मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती.

मग त्या सगळ्यांनी एकदम मान खाली घातली आणि ते पुन्हा बसले.